जुनी हॉलीवूड म्युझिकल रोमँटिक कॉमेडी नीट कशी पारखायची: ‘टॉप हॅट’ समोर ठेवून

“गोष्ट पोकळ, डान्स एक नंबर.” जुन्या हॉलीवूड म्युझिकलवर कोणी लिहिलं की बहुतेक वेळा एवढंच असतं, वर कथेच्या दहा ओळी आणि खाली साडेतीन स्टार. मत चुकीचं असतं असं नाही, क्रम चुकतो. लोक आधी कथा तपासायला घेतात, ती पहिल्या अर्ध्या तासातच गळायला लागते, मग उरलेला सिनेमा पुढचं गाणं कधी येतंय म्हणून वाट बघण्यात जातो आणि गाण्यात नक्की काय चाललंय तेही नीट बघितलं जात नाही.

म्हणून एकच सिनेमा घेऊन पायऱ्या लावून देतोय. सिनेमा आहे ‘टॉप हॅट’, १९३५, आरकेओ स्टुडिओ, दिग्दर्शक मार्क सँडरिच, नायक-नायिका फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स, गाणी अर्व्हिंग बर्लिनची. हा निवडला कारण याचे दोष लपलेले नाहीत आणि ताकदही लपलेली नाही, दोन्ही एकाच ठिकाणी बसलेत, आणि नेमकं तेच बघायला शिकायचंय. पुढे शेवटापर्यंतची सगळी गोष्ट येणार आहे, तेव्हा बघितला नसेल तर आधी पायरी १ करून या.

तयारी: बघायला बसण्याआधी

कॉपी नीट निवडा. सिनेमा साधारण १०० मिनिटांचा आहे, तुमच्या कॉपीची लांबी त्याहून बरीच कमी दिसली तर काहीतरी कापलंय. ब्लॅक अँड व्हाइटच हवी, कोणी रंग भरलेली कॉपी दिली तर घेऊ नका.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. ह्या सिनेमाची चौकट जुनी, चौकोनाकडे झुकणारी आहे, आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते पट्टे खुपतात म्हणून लोक रिमोटवर झूम दाबतात. झूम दाबला की वरून डोकं आणि खालून पाय कापले जातात, आणि अस्टेअरचा तर हट्टच होता की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर चौकटीत दिसलं पाहिजे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सिनेमा बघायचा तीच तुम्ही स्वतःच्या हाताने छाटून टाकता. पट्टे राहू द्या.

टीव्हीतलं मोशन स्मूदिंगसुद्धा बंद करा, त्याने जुना सिनेमा डेली सोपसारखा गुळगुळीत दिसतो. इअरफोन किंवा बरे स्पीकर घ्या, लॅपटॉपच्या स्पीकरवर टॅपचे (म्हणजे बुटांच्या तालावरच्या नाचाचे) बारीक ठोके ऑर्केस्ट्राखाली बुडतात. सबटायटल्स लावाच, एडवर्ड एव्हरेट हॉर्टन आणि एरिक ब्लोअर या विनोदी नटांचे संवाद पटापट निघून जातात आणि अर्धी गंमत त्यांच्याकडे आहे.

इशारा: किस्से आधी वाचू नका. ‘चीक टू चीक’मधल्या पिसांच्या ड्रेसची भानगड इतकी प्रसिद्ध आहे (शूटिंगमध्ये पिसं गळून उडत होती, अस्टेअर वैतागला होता) की ती वाचून बसलात तर त्या गाण्यात तुम्ही फक्त पिसं शोधत बसाल. नंतर वाचा.

पायरी १: एकदा सलग बघा, वहीत दोनच खुणा

पहिल्यांदा न थांबता बघायचा. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, कुठे हसलात आणि कुठे मोबाईलकडे हात गेला, दोन्हीची वेळ. कारण लिहू नका, मत लिहू नका. कारणं तिथल्या तिथे लिहायला लागलात की डोकं वकिलासारखं चालायला लागतं आणि मग सिनेमा बाजूला राहून केस उभी राहते.

तपासणी: सगळ्या खुणा शेवटच्या वीस मिनिटांतच असतील तर तुम्ही दमला होतात. दुसऱ्या दिवशी परत बघा.

पायरी २: गैरसमजाचा नकाशा काढा

आता गोष्टीकडे. कथा सांगायची नाही, कोणाला काय माहितीये आणि कधीपासून तेवढंच कागदावर मांडायचं.

जेरी (अस्टेअर) हा अमेरिकन डान्सर, हॉरेस (हॉर्टन) ह्या निर्मात्याच्या शोसाठी लंडनला आलाय. डेल (रॉजर्स) त्याच हॉटेलात खालच्या मजल्यावर. डेलची मैत्रीण मॅज ही हॉरेसची बायको, पण डेलने हॉरेसला कधी बघितलेलं नाही. हॉटेलचा माणूस तिला सांगतो की तो बघा हॉरेस, हातात ब्रीफकेस आणि काठी असलेला, आणि नेमक्या त्या क्षणी त्या दोन्ही वस्तू जेरीच्या हातात असतात. संपलं. इथून जवळजवळ शेवटापर्यंत डेलच्या मते हा माणूस तिच्या मैत्रिणीचा नवरा, आणि तो तिच्यामागे लागलाय.

ह्या नकाशावर आता एकेक जागा शोधा जिथे कोणी नुसतं एक नाव उच्चारलं असतं तर सिनेमा तिथेच संपला असता. प्रत्येक जागी बघा, नाव का उच्चारलं गेलं नाही? पात्राच्या स्वभावामुळे, की लेखकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला म्हणून?

लंडनमध्ये उत्तर बरं येतं. ब्रीफकेस-काठीची अदलाबदल चोख बांधलीये, बघणाऱ्याला सगळं दिसतं आणि डेलला नेमकं चुकीचं तेवढं दिसतं. सगळे व्हेनिसला लिडोवर (तिथलं समुद्रकिनाऱ्याचं बेट) पोचले की मात्र गाडी अडायला लागते. मॅज स्वतः समोर आहे, जेरी समोर आहे, डेल मॅजला चक्क सांगते की तुझा नवरा माझ्यामागे लागलाय, तरी कोणी कोणाचं नाव घेत नाही. हा दोष खरा आहे आणि तो लिहायचाच. फार्स बघत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा तर लगेच कळतो, दार उघडायच्या आत दुसरं दार बंद झालं पाहिजे हा हिशोब आपल्याला पाठ असतो, आणि लिडोवर दोनतीन दारं उघडीच राहिलीत.

पण वहीत ‘दोष’ लिहिलं की शेजारी एक रिकामी जागा सोडा. तिथे लिहायचंय की ह्या दोषाच्या बदल्यात सिनेमाला काय मिळालं. ती जागा पुढच्या पायरीत भरेल.

नेहमीची चूक: ‘गैरसमजावर उभी कथा’ एवढाच दोष लिहिणं. गैरसमज हा ह्या प्रकाराचा कच्चा माल आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. कुठला गैरसमज कुठल्या सीनमध्ये ताणला गेला ते सांगा.

पायरी ३: प्रत्येक गाण्याच्या आधी आणि नंतर

हीच मुख्य पायरी, इथे वेळ घालवा. सिनेमात पाच गाणी आहेत. प्रत्येकासाठी दोन ओळी, गाणं सुरू व्हायच्या आधी त्या दोघांमध्ये काय होतं आणि गाणं संपल्यावर काय आहे.

‘नो स्ट्रिंग्ज’. जेरी हॉटेलच्या खोलीत आपण कसे मोकळे, कुठल्या बंधनात नाही असं गातो आणि टॅप करत सुटतो. त्या ठोक्यांनी खालच्या खोलीतली डेल जागी होते आणि तक्रार करायला वर येते. म्हणजे मी एकटाच बरा असं सांगणारं गाणंच त्याला ती भेटवून देतं. मग ती खाली गेल्यावर तो जमिनीवर वाळू पसरून हळू, घासत नाचतो, तिला झोप लागावी म्हणून. शब्द एकही नाही आणि माणूस बदललेला दिसतो. हे गाणं काढलंत तर गोष्ट सुरूच होत नाही, ताकद म्हणतात ती ही.

‘इझन्ट धिस अ लव्हली डे’. पाऊस, बागेतला बँडस्टँड (वादकांसाठीचा छप्पर असलेला चौथरा), डेल घोडेस्वारीच्या कपड्यात. आधी ती वैतागलेली. तो गातो तेव्हा ती बहुतेक वेळ त्याच्याकडे पाठ करून बसलीये, पण तिचा चेहरा आपल्याला दिसतो, त्याला नाही. मग तो उठून चालायला लागतो, ती मागून त्याची नक्कल करते, तो एक स्टेप टाकतो की ती तीच परत टाकते, बराच वेळ दोघं एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत. शेवटी खाली बसून हात मिळवतात. आधी चिडचिड, नंतर प्रेम, आणि मध्ये ‘आय लव्ह यू’ टाइपचा एकही संवाद नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमात लिखाणाचं काम सगळ्यात चांगलं इथे झालंय आणि ते पायांनी झालंय. डेल पँटमध्ये आहे, त्याच्याइतकीच, त्याच्या बरोबरीने, हेही टिपा, पायरी ५ मध्ये लागेल.

‘टॉप हॅट, व्हाइट टाय अँड टेल्स’. हे स्टेजवरचं गाणं, मागे टोपी-कोटातले पुरुष, आणि अस्टेअर काठीची बंदूक करून टॅपच्या ठोक्यांवर त्यांना एकेक करून पाडतो. आधी-नंतर काही बदलत नाही, गोष्ट तिथल्या तिथे. मग दोष का? नाही, कारण जेरीचा धंदाच हा आहे आणि आतापर्यंत आपण त्याला कामावर बघितलेलंच नव्हतं. पण मोजताना हे गाणं वेगळ्या खात्यात, कसबाच्या.

‘चीक टू चीक’. आता मघाची रिकामी जागा भरा. डेलला वाटतंय हा मैत्रिणीचा नवरा, आणि मैत्रीण समोर बसून खुणावतेय की नाचा, अजून जवळ जा. डेल हादरलेली आहे, तिला नाचायचंही आहे आणि लाजही वाटतेय, मग मॅजलाच चालत असेल तर मी तरी कशाला, असं म्हणून ती स्वतःला सोडून देते. गर्दीतून दोघं पूल ओलांडून रिकाम्या जागेत जातात आणि तिथे ती मागे झुकत जाते, परत परत. ह्या झुकण्याला जे वजन आहे ते त्या ताणलेल्या गैरसमजानेच दिलंय. गैरसमज आधीच सुटला असता तर हा नुसता सुंदर डान्स राहिला असता, अपराधाची बारीक टोचणी त्यात आलीच नसती. मग गाणं संपतं, तो लग्नाची मागणी घालतो आणि ती थोबाडीत देते. म्हणजे लिडोवरचा कच्चा दुवा आणि सिनेमाचा कळस, दोन्ही एकाच दोरीला बांधलेत. तेवढी किंमत देणं परवडलं का हे तुम्ही ठरवा, मला परवडलं वाटतं.

गाण्याची बांधणीही ऐका. त्या काळची बरीचशी गाणी ३२ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) असायची, हे ७२ बारचं आहे, आणि मध्येच एक भाग येतो जिथे चाल एकदम गडद होते आणि आर्जव सुरू होतं. अस्टेअरचा आवाज लहान आहे, पण शब्द न शब्द स्वच्छ. मोठ्या आवाजाचा गायक नाही हा दोष म्हणून लिहिणार असाल तर आधी हे गाणं नुसतं ऐकून बघा.

‘द पिकोलिनो’. इथे मी हात आखडणार. प्रचंड कोरस, वरून घेतलेले भौमितिक शॉट, रॉजर्स गाते, आणि मुख्य जोडी नाचायला उतरते तोवर बराच वेळ गेलेला असतो. आधी-नंतर जवळजवळ काही नाही, आणि कसबाच्या खात्यातही हे तिसऱ्या गाण्याच्या मागेच पडतं. पहिल्या खेपेला इथे तुमचा हात मोबाईलकडे गेला असेल तर तो दोष तुमचा नाही.

इशारा: गाणी यूट्यूबवर सुटी बघून ही पायरी करू नका. संगीत नाटकातली पदं सुटी ऐकायची आपल्याला सवय आहे आणि ती मैफलीत उभी राहतातही, पण इथे सुट्या क्लिपमध्ये ‘चीक टू चीक’मधली भीती गायब होते, उरतो फक्त ड्रेस.

पायरी ४: नाच तीनदा बघा

एखादंच गाणं घ्या, बँडस्टँडचं घ्या सरळ.

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि कट मोजा. कट फारच थोडे सापडतील, कॅमेरा दोघांसोबत सरकत राहतो, मध्येच पायांचा क्लोजअप नाही, बघणाऱ्यांचे चेहरे नाहीत. म्हणजे चूक झाली तर लपवायला जागा नाही, सगळी जबाबदारी नाचणाऱ्यांवर.

दुसऱ्यांदा फक्त रॉजर्सला बघा. हे लोक करतच नाहीत, सगळ्यांचे डोळे अस्टेअरच्या पायांवर. ती नाचताना अभिनय करत असते, खांद्यातून, हनुवटीतून, तो पुढची स्टेप टाकायच्या आधीच्या अर्ध्या क्षणात तिच्या चेहऱ्यावर बघू या हा काय करतो ते दिसतं. ‘तो ग्रेट, ती ठीकठाक’ असं लिहिणाऱ्यांनी ही खेप केलेली नसते.

तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका, कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं. ठोक्यांवरून कळतं.

इशारा: ‘सगळं लाइव्ह आवाजात केलंय’ असं उत्साहात लिहून टाकू नका. गाणी आधी रेकॉर्ड व्हायची आणि टॅपचे आवाज बऱ्याचदा मागाहून भरले जायचे. सलग नाच खरा, आवाज वेगळा. नृत्याचं श्रेय देताना हर्मीस पॅनचं नाव विसरू नका, अस्टेअरबरोबर त्यानेच हे बसवलंय.

पायरी ५: विनोद आणि जे आता खुपतं ते

हॉर्टनचा उशिरा पेटणारा चेहरा, हेलन ब्रोडरिकची मॅज जी नवऱ्याच्या भानगडीची बातमी हवामानाच्या अंदाजासारखी ऐकते, ब्लोअरचा नोकर बेट्स जो स्वतःबद्दल ‘आम्ही’ म्हणतो. ही माणसं नसती तर गाण्यांमधला भाग खरंच बघवला नसता. विनोदाचं वय झालंय का हे पायरी १ च्या खुणांवरून ठरवा, इज्जतीखातर हसू नका.

आता खुपणाऱ्या गोष्टी. इथे दोन टोकाच्या चुका होतात, एक ‘त्या काळी चालायचं’ म्हणून झाकून टाकणं, दुसरी म्हणजे फक्त त्याचीच यादी करून सिनेमा निकालात काढणं. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासा.

बेदिनी, डेलचा इटालियन फॅशन डिझायनर, नट एरिक रोड्स. मोडकं इंग्रजी, तलवार, तोरा. तपासणी अशी की त्याचा उच्चार काढून टाका आणि बघा विनोद उरतो का. काही ठिकाणी उरतो, त्याचा अहंकार खरंच मजेशीर आहे, पण बऱ्याच ठिकाणी उच्चार हाच विनोद आहे आणि तिथे तो मेलेला आहे. तसं सीन धरून लिहा.

जेरी फुलांचा ढीग तिच्या खोलीवर पाठवतो, गाडीवान बनून तिची घोडागाडी हाकतो. आज हा पाठलाग वाटतो, वाटायलाच हवा. पण सिनेमा डेलला उत्तर द्यायला जागा देतो का तेही बघा. देतो, थोबाडीत आहे, आपण आधी पॅरिसला भेटलो होतो असं नाटक करून ती त्याला घाबरवते, बँडस्टँडवर तर बरोबरीचा सामना आहे.

खरा मोठा दोष माझ्या मते पुढे आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. चिडलेली डेल बेदिनीशी लग्न करते, आणि शेवटी कळतं की लग्न लावणारा पाद्री म्हणजे वेश बदललेला बेट्सच होता, सबब लग्न झालंच नाही. इतका वेळ तोडीस तोड असलेली मुलगी शेवटच्या वळणावर एका नोकराच्या चलाखीने सुटते. तिने केलेला निर्णय मोडायची संधी तिला मिळतच नाही, तो रद्द केला जातो. १९३४ च्या मध्यापासून हॉलीवूडची सेन्सॉर संहिता कडक लागू झाली होती, लग्न मोडून नायिका दुसऱ्याकडे जाते असं हसत-खेळत दाखवणं अवघड होतं, त्यामुळे लग्नच खोटं ठरवणं ही सोपी वाट. कारण कळलं म्हणून दोष कमी होत नाही. ह्याच्या शेजारची रिकामी जागा मी बरीच शोधली, काही सापडलं नाही, ती रिकामीच ठेवलीये.

पायरी ६: सेट (पटकन)

‘व्हेनिस असं नसतं’ हे लिहू नका. ते कोणालाही व्हेनिस वाटावं म्हणून बांधलेलंच नाही, पांढरेशुभ्र पूल, गोल कोपरे, आणि कालव्यातलं पाणी गडद दिसावं म्हणून रंगवलेलं. तपासायचं एवढंच की लंडनचं हॉटेल आणि लिडो एकाच दुनियेतले वाटतात का. वाटतात. पुढे चला.

पायरी ७: एका जुळ्या सिनेमाशी ताडून बघा

एक वर्ष आधीचा, १९३४ चा ‘द गे डिव्होर्सी’. तोच दिग्दर्शक, तीच जोडी, हॉर्टन, रोड्स, ब्लोअर तेच, आणि तिथेही माणूस ओळखण्यात घोटाळा. ‘टॉप हॅट’ साचा परत वापरतो हा आरोप खरा आहे, पण नुसता आरोप करून थांबू नका, दोन्हीकडे गाण्यांना आधी-नंतरची कसोटी लावा म्हणजे साच्यात काय सुधारलं ते नेमकं सांगता येईल. वेळ नसेल तर ही पायरी गाळा, पण मग ‘साचेबद्ध’ हा शब्दही गाळा.

इशारा: ऑस्करची ४ नामांकनं, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही, आणि बक्षीस एकही नाही. ही माहिती म्हणून द्या, ताकद किंवा दोष म्हणून कुठल्याच रकान्यात टाकू नका.

पायरी ८: लिहायला बसा

कथा चार वाक्यांत, जास्त नाही, आणि ती पहिल्या परिच्छेदात नको. सुरुवात एका सीनने करा, ज्यात ताकद आणि दोष दोन्ही दिसतात. इथे ‘चीक टू चीक’च्या आधीचं ते टेबल आयतं मिळालंय.

‘ताकद’ आणि ‘दोष’ अशा दोन याद्या करून लेख छापू नका. वहीत ठीक आहे, लेखात नाही, कारण याद्या केल्या की मॅजची ती खूण दोन ठिकाणी तुटून पडते आणि तिचा अर्थच जातो.

प्रत्येक मतासोबत जागा हवी, कुठला सीन, कोणाचा चेहरा. मग ही चाळणी लावा: वाक्यातून सिनेमाचं नाव काढा, तेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही म्युझिकलला चिकटतंय का? ‘नेत्रदीपक नृत्ये आणि अवीट गाणी’ सगळ्यांनाच चिकटतं. काढून टाका. ‘त्या काळाच्या मानाने’ दिसलं तर तेही काढा आणि त्या जागी तुम्हाला आज काय वाटलं ते लिहा.

स्टार द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी, लेख लिहून झाल्यावर. आधी दिले की लेख त्या आकड्याची वकिली करायला लागतो. फिल्म सोसायटीत बोलणार असाल तर आकडा सांगूच नका, त्याऐवजी बँडस्टँडचं गाणं आवाज बंद करून लावा आणि लोकांना रॉजर्सकडे बघायला सांगा. पिसांचा किस्सा चहाच्या वेळेला.